चिमट्यातली हवा कोणाच्या मापाची?

साठी उलटलेल्या माणसाचे काहीही दुखू लागले की कारण तयार असते. वय. डॉक्टर ते सांगतात, घरचे सांगतात आणि काही दिवसांनी समोरच्याने म्हणायच्या आत आपणच ते म्हणून टाकतो. माझी मनगटे दुखू लागली तेव्हा मीही तेच केले. बँकेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतून मी एक डोंगरी सायकल घेतली होती. पुढच्या चिमट्यात हवेवर चालणारा शॉकअप असलेली, आणि किंमत ऐकून पत्नीने ‘यात जुनी स्कूटर आली असती’ म्हणावे अशी. रविवारी पहाटे खडकवासल्याच्या पलीकडे, पानशेतचा रस्ता सोडून आत शिरणाऱ्या मातीच्या वाटांवर मी तिला नेत असे. दोन वर्षांत अवस्था अशी झाली, की उतार संपेपर्यंत करंगळ्यांना मुंग्या येत आणि सोमवारी लिहायला बसलो की पेन धरवत नसे. सायकल विकायची असे मी ठरवून टाकले.

आमच्याच इमारतीतली, शर्यतींत उतरणारी एक मुलगी ती बघायला आली. चाक फिरवून बघण्याआधी तिने विचारले, ‘काका, तुमचं वजन किती?’

‘सत्तावन्न.’

‘आणि हा चिमटा कोणाच्या वजनाला लावलाय?’

मला प्रश्नच कळला नाही. दुकानातून आणली तशी ती होती. पंक्चर काढणे, चेनला तेल घालणे एवढे मला येत होते. चिमट्याला हात लावायचा असतो हे कोणी सांगितले नव्हते.

मग तिने जे केले ते अर्ध्या तासाचे काम होते. आधी मला घराच्या काट्यावर उभे केले, तेही हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी आणि पाण्याची बाटली यांसकट. सत्तावन्नाचे एकसष्ट झाले. मग चिमट्यावरची कळ पूर्ण मोकळी करून, भिंतीला कोपर टेकवून मला पेडलवर उभे राहायला लावले, दोन-चार वेळा दाबायला लावले आणि स्थिर व्हायला सांगितले. चिमट्याच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी कडे असते. ते तिने खाली सरकवून ठेवले आणि मला न हिसकता उतरायला सांगितले. कडे जिथे राहिले तिथपर्यंत पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.

या अकरात माझ्या दोन वर्षांच्या दुखण्याचा उलगडा होता. माझ्या चिमट्याची एकूण दाबली जाण्याची क्षमता १२० मिलिमीटर. त्यातला साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे चोवीसेक मिलिमीटर, माणूस नुसता उभा राहिल्यावरच दबायला हवा; खडबडीत वाटांसाठी थोडा अधिकही चालतो. इंग्रजीत याला ‘सॅग’ म्हणतात. मी त्याला बैठक म्हणतो. ही बैठक आरामासाठी आहे असे मला वाटले होते. ते अर्धेच खरे. दगड आला की चाक वर जाते, तसे खड्डा आला की ते खालीही जायला हवे, तरच टायर जमीन सोडत नाही. आधीच ताठ उभ्या असलेल्या चिमट्याला खाली जायला जागाच नसते. मग चाक उडते, आपटते आणि तो आपटा मनगटाकडे पोहोचतो.

पंप लावला तेव्हा काट्याने ९५ दाखवले. थोडी थोडी हवा सोडत आम्ही ६२ वर आलो. प्रत्येक वेळी चिमटा सावकाश दहा-बारा वेळा दाबून सोडायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब जुळतो. हे न करता मोजले तर आकडा फसवा येतो. चोवीसवर कडे आले. पण काम एवढ्यावर संपत नाही. दाबलेला चिमटा किती वेगाने परत वर यावा याचे एक बटण तळाशी असते. माझ्या चिमट्यावर एका बाजूला ससा आणि दुसऱ्या बाजूला कासव छापले आहे. माझे बटण पार कासवाकडे होते. सलग दगड आले की पहिल्या दगडाला दबलेला चिमटा वर यायच्या आत दुसरा यायचा, मग तिसरा. चार दगडांत तो तळाला जाऊन बसल्यासारखा व्हायचा. ताठ हवा आणि आळशी परतणे, दोन्ही दोष एकत्र नांदत होते. हवा कमी केली की परतणेही थोडे मोकळे करावे लागते. पदपथावरून बसल्या बसल्या उतरून बघायचे. चिमटा वर येऊन एकदाच स्थिरावला, झुलत राहिला नाही, की झाले. टायरमधली हवाही तिने कमी केली. लहानपणापासून टायर दगडासारखा टणक तेवढा चांगला, या समजुतीत मी वाढलो.

पुढच्या रविवारी परतल्यावर कडे ११० पर्यंत गेलेले दिसले. आधी ते सत्तरच्या पुढे कधी गेले नव्हते. १२० मिलिमीटरचे पैसे भरून मी सत्तरच वापरत होतो. बँकेतल्या माणसाला ही पडून राहिलेली रक्कम फार लागते.

कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात १९७६ साली काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून शर्यती लावत. त्यांच्या चिमट्यात शॉकअप वगैरे काही नव्हते. मोटारसायकल शर्यतींच्या जगातून आलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ साली रॉकशॉक्स सुरू केली आणि पुढच्याच वर्षी दुरँगो इथल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड त्यांचा चिमटा लावून उताराची शर्यत जिंकला. त्या चिमट्यांतही हवाच होती. हवा वापरण्याचा मोठा फायदाच हा, की स्प्रिंग न बदलता ती माणसागणिक कमीजास्त करता येते. ही सोय करून ठेवायची आणि दुकानात कोणी वजनही विचारायचे नाही, याला काय म्हणावे?

मी सायकल घेतली त्या दुकानात जाऊन हे बोललो. मालक सज्जन आहेत. म्हणाले, ‘साहेब, गिऱ्हाईक रंग विचारतं, गिअर किती ते विचारतं. हे कोणी विचारत नाही.’ खरे आहे. पण गिऱ्हाइकाने काय विचारायचे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तर तो दुकानात येतो. मी शाखेत असताना पीककर्ज एकरी ठरलेल्या दराने देत असू. बागायत वेगळी, जिरायत वेगळी, पण त्यापुढे सारे एकाच मापाचे. एखाद्याला ते पुरायचे नाही, एखाद्याला जास्त व्हायचे. वसुली थकली की आम्ही शेतकऱ्याच्या वृत्तीबद्दल बोलत असू. दर तपासून बघावा असे मला त्या खुर्चीत असताना एकदाही सुचले नाही, हे इथे लिहून ठेवतो.

माझे म्हणणे साधे आहे. चिमट्यात हवा असलेली सायकल विकताना दुकानात काटा असावा, गिऱ्हाइकाला त्यावर सामानासकट उभे करावे आणि छोटा पंप किमतीतच द्यावा. ही हवा हळूहळू उतरते, ती मधूनमधून तपासावीच लागते. पंचवीस किलोच्या पोरासाठी घेतलेल्या स्वस्त सायकलीचा स्प्रिंगचा चिमटा तर बहुधा दबतच नाही. तिथे वरचे बटण फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही. पोर दिमाखाने शॉकअप मिरवते आणि दोन-अडीच किलो लोखंड फुकट चढावर ओढते. त्याला साध्या चिमट्याची हलकी सायकल घ्यावी. तो रडेल, चार दिवस.

माझी सायकल अजून माझ्याकडेच आहे. मनगट पूर्ण बरे झाले असे नाही. वयाचाही काही वाटा असणारच, फक्त तो मी समजत होतो तेवढा नव्हता. आता माझा एक जुना सहकारी सायकल घेतो आहे. मी त्याला फोनवर आधी वजन विचारले. त्याने ७६ सांगितले. पेन्शनरांच्या मेळाव्यात मी त्याला पाहिले आहे. शनिवारी त्याच्याकडे जाताना काटा बरोबर नेणार आहे.