चिलमीचा धूर आणि शरीराची झीज

गांजासंबंधानें आपल्या लोकांत दोन मतें फार दिवसांपासून शेजारीं शेजारीं नांदत आहेत. पहिलें असें कीं, ही शंकराची बुटी. बैरागी-गोसावी ती पिढ्यानपिढ्या ओढीत आले, त्यांचें काय बिघडलें? दुसरें असें कीं, चार दम मारले कीं मनुष्य वेडा झालाच म्हणून समजावें. वैजापूरच्या पेठेंत ह्या दोहोंपैकीं कोणत्याही मताचा गृहस्थ भेटला तरी तो सारख्याच ठामपणें बोलतो. देव आणि डोकें ह्यांच्या ह्या भांडणांत बिचाऱ्या शरीराची विचारपूस कोणीच करीत नाहीं. त्याची झीज मात्र मुकाट्यानें चाललेली असते.

इंग्रज सरकारनें १८९३ सालीं ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठीं हेंप ड्रग्ज कमिशन नेमलें. वैजापूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. गोदावरीपलीकडील नगर जिल्हा इंग्रजी अमलाखालीं असून तेथें गांजाची लागवड होत असे. कमिशननें ११९३ साक्षीदार तपासले. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी पारखून त्यानें असेंही दाखविलें कीं, वेडाचें कारण ‘गांजा’ असें पुष्कळदां पुरेशा चौकशीवांचूनच लिहिलें गेलें होतें. मित सेवनानें सहसा अपाय दिसत नाहीं, अतिसेवनानें होतो, असा त्याचा निर्णय पडला. गांजाचे कैवारी ह्या निर्णयाचा पूर्वार्ध तेवढा सांगतात. उत्तरार्ध चिलमीबरोबर गिळतात.

तेव्हांपासून वैद्यकाची दृष्टि पुष्कळ सूक्ष्म झाली आहे. गांजाच्या धुरांतही डांबर व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो, आणि गांजेकस तो धूर खोल ओढून छातींत कोंडून धरतो. रोजच्या चिलमीनें श्वासनलिकांचें अस्तर सुजतें व खोकला-बेडका कायमचा मागें लागतो. अमेरिकेंतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें २०१७ सालीं सर्व पुरावा एकत्र करून ह्या गोष्टीस भक्कम आधार असल्याचें सांगितलें. फुप्फुसाच्या कर्करोगाशीं संबंध मात्र तिला आढळला नाहीं, आणि ओढणें सोडल्यास छातीस आराम पडतो असेंही तिनें नमूद केलें. हें लपविण्याचें आम्हांस कारण नाहीं.

न्यूझीलंडांतील ड्यूनेडिन येथें १९७२-७३ सालीं जन्मलेल्या १०३७ जणांच्या प्रकृतीची आजवर नोंद ठेवण्यांत आली आहे. त्यांच्या अडतिसाव्या वर्षापर्यंतचा हिशेब २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. गांजानें हिरड्या बिघडलेल्या दिसल्या, इतर तपासण्यांत विशेष फरक आढळला नाहीं. तंबाखू ओढणारांचीं फुप्फुसें मात्र खालावलेलीं होतीं. हें वाचून कोणीं सुटकेचा निःश्वास टाकूं नये. आमच्याकडे चिलमींत निव्वळ गांजा घालणारे किती? तंबाखू चुरून मिसळण्याचाच प्रघात. म्हणजे दोन सावकारांचें देणें एकाच शरीरानें फेडावयाचें. शिवाय अडतीस हें कांहीं हृदयविकाराचें वय नव्हे. गांजानें नाडी जलद होते. २००१ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत हृदयविकाराचा झटका आलेल्या ३८८२ रोग्यांची माहिती घेतली, तों ओढल्यानंतरच्या पहिल्या तासांत झटक्याचा धोका ४.८ पट निघाला. पन्नाशी गांठलेल्या, रक्तदाब जडलेल्या मनुष्यानें हा आंकडा नीट वाचावा.

सर्वांत चमत्कारिक व्याधि वेगळीच आहे. वर्षानुवर्षें ओढणाऱ्या कांहीं जणांस मधूनमधून ओकाऱ्यांची अशी उबळ येते कीं ती थांबतां थांबत नाहीं, आणि कढत पाण्यानें अंघोळ केली तरच क्षणभर बरें वाटतें. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील डॉक्टरांनीं २००४ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. गांजा सोडणें हाच तिचा खरा उपाय. पण चिलीम कबूल न करणारा रोगी पित्ताचीं औषधें घेत, तपासण्यांवर पैसा ओतीत फिरत राहतो.

तो कबूल कां करीत नाहीं? कारण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ प्रमाणें गांजा ओढणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. परंतु त्याच कायद्यांत ६४-अ हें कलम आहे. जो व्यसनी सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेंत आपण होऊन उपचार घेतो, त्याच्यावर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणांत जवळ बाळगल्याबद्दल खटला चालूं शकत नाहीं. विकणारास ह्यांत आसरा नाहीं, व तो नसावाच. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणींत देशांत गांजा-चरस घेणारे सुमारें १.३ कोटी असल्याचें दिसलें. त्यांतील कितीजणांच्या कानांवर हें कलम गेलें असेल?

वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत जुना खोकला, छातींतील कळ किंवा न थांबणारी ओकारी घेऊन जो येईल, त्यास चिलमीविषयीं एकांतांत विचारलें जावें, आणि कलम ६४-अ चा अर्थ त्याच वेळीं समजावून द्यावा. त्या कलमास एक अट आहे: उपचार अर्धवट सोडल्यास सवलत काढून घेतां येते. मजुरीचा दिवस बुडवून दर खेपेस जिल्ह्याच्या ठिकाणीं जाणाऱ्याचे उपचार अर्धवट राहणारच. म्हणून ती सोय तालुक्यासच पाहिजे. आणि ज्यांच्या दुकानांत व गोदामांत हे लोक राबतात त्या व्यापाऱ्यांनींच तिची मागणी प्रथम करावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.