पोगाचारची सायकल आणि आपले गुडघे

टूर द फ्रान्स संपून महिना-दीड महिना झाला, की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक पेशंट येतो. वय 45 ते 60. नवी कोरी सायकल. गुडघा पुढून दुखतोय, हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येताहेत, आणि तिसरी तक्रार बायको बाहेर थांबली असेल तरच सांगितली जाते : "डॉक्टर, खाली बधीर होतं."

मी हसत नाही, कारण मी त्यातलाच आहे. जुलैमधले ते तीन आठवडे मी संध्याकाळची ओपीडी लवकर आटपतो. तिकडे संध्याकाळी पाच-साडेपाचला शर्यतीचा टप्पा संपतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊ वाजतात. जेवणाचं ताट समोर आणि आल्प्सचा घाट टीव्हीवर, हे सुख ज्याला माहीत आहे त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. काही वर्षांपूर्वी त्याच भरात मीही एक रेसिंग सायकल घेतली. दुकानदाराने माझं बजेट विचारलं, रंग विचारला, उंची मात्र विचारली नाही. फ्रेम एक साईज मोठी होती. पुढचे चार महिने करंगळी बधीर घेऊन मी पेशंट तपासत होतो!

म्हणून आजचा लेख हा सल्ला कमी आणि मत जास्त आहे. माझं मत असं : व्यावसायिक सायकलिंग जरूर बघा, मनापासून बघा, पण त्यांच्या सायकलीकडे बघून आपली सायकल घेऊ नका.

पहिल्यांदा हे समजून घ्या, की ती सायकल तुम्हाला विकण्यासाठीच तिथे आहे. शर्यतीत वापरलेली सायकल सामान्य ग्राहकालाही विकत मिळाली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियमच आहे. फॉर्म्युला वनची गाडी तुम्ही घेऊ शकत नाही, तादेय पोगाचार ज्यावर बसतो ती सायकल घेऊ शकता. किंमत फक्त 10 लाखांच्या पुढे. शर्यतीच्या सायकलीचं वजन 6.8 किलोपेक्षा कमी असता कामा नये, हाही नियम 2000 सालापासून आहे. त्यामुळे "6.8 किलो" हा आकडा आपल्याकडच्या हौशी मंडळींमध्ये मंत्रासारखा जपला जातो.

जरा हिशोब करू. तुमचं वजन 78 किलो. तुमच्याकडे 9 किलोची सायकल आहे आणि तुम्ही काही लाख रुपये जास्त मोजून 7 किलोची घेतलीत. एकूण वजन 87 वरून 85 वर आलं, म्हणजे सव्वादोन टक्के कमी झालं. अर्ध्या तासाचा घाट असेल तर वाचली फार तर 40 सेकंद. पोगाचार आणि योनास विंगेगार्ड यांच्यात 40 सेकंदांनी शर्यतीचा निकाल बदलू शकतो. आपल्याला वर जाऊन चहाच प्यायचा असतो. आणि दोन किलो कमीच करायचे असतील तर ते कुठून करायचे, हे मी डॉक्टर म्हणून सांगायला नको.

वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बसण्याची ठेवण. टीव्हीवर दिसणारा खेळाडू हँडलवर जवळजवळ आडवा झोपलेला असतो, सीट उंच आणि हँडल खूप खाली. हवेचा अडथळा कमी करण्यासाठी ते बरोबर आहे, कारण तो तासाला 45 किलोमीटरने चाललेला असतो. पण त्यासाठी लागणारी कंबर आणि मांडीमागचे लवचिक स्नायू त्याने किशोरवयापासून कमावलेले आहेत. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाने तीच ठेवण घेतली, की शरीराचा भार जातो तळहातावर. मनगटाजवळ करंगळीच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. ती दाबली गेली, की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. उपाय बहुतेक वेळा औषधाचा नसतो. हँडल थोडं वर घ्या, थोडं जवळ घ्या, दर काही मिनिटांनी पकड बदला.

खालच्या बधीरपणाचंही तसंच. आपण बसतो ते खरं तर बैठकीच्या दोन हाडांवर. सीट अरुंद असेल किंवा तिचं टोक वर उचललेलं असेल, तर भार हाडांवर न पडता मधल्या नाजूक भागावर, तिथल्या नसेवर आणि रक्तवाहिन्यांवर पडतो. सगळ्यात महाग सीट म्हणजे तुमच्यासाठी योग्य सीट नव्हे, आणि गुबगुबीत जेलची सीटही नव्हे, कारण जास्त मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग पुन्हा दाबला जातो. हाडांच्या अंतराला जुळणारी रुंदी हवी. पुरुषांनो, लाजू नका, आणि स्त्रियांनो, तुम्हीसुद्धा. हा त्रास दोघांनाही होतो. तो "होतंच असं" म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सायकलवरून उतरल्यावरही बधीरपणा टिकत असेल तर सायकल चालवणं थांबवून दाखवायला या.

गुडघ्याचा तर साधा नियम आहे. पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. घरच्या घरी तपासता येतं : भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली घ्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला, की गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या सायकलवाल्यांना मी एक्स-रेच्या आधी सायकल घेऊन यायला सांगतो. आमच्या पार्किंगच्या वॉचमनला आता सीट वर-खाली करायचा चांगला सराव झाला आहे.

गिअरबद्दल एवढंच, की व्यावसायिक खेळाडू पुढे 54 दातांचं चक्र वापरतात ते त्यांच्या मांड्यांसाठी. घाट चढणारा उत्तम खेळाडू अर्धा तास शरीराच्या दर किलोमागे सुमारे 6 वॅट ताकद लावू शकतो. आपल्यातल्या बऱ्या तब्येतीच्या माणसाला 2 ते 3 जमले तरी पुष्कळ. जड गिअरवर हळूहळू पाय दाबत चढणं म्हणजे वाटीवर, म्हणजे गुडघ्याच्या पुढच्या हाडावर, भार टाकणं. पुढे 34 आणि मागेही 34 दात घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

उलट एका बाबतीत मात्र त्यांचं अनुकरण करा. पूर्वी ही मंडळी 23 मिलिमीटरचे दगडासारखे कडक टायर वापरत. आता 28 ते 30 वापरतात, हवाही कमी ठेवतात, आणि तरी वेग कमी झाला नाही. आपल्या रस्त्यांवर तर याहून जाड टायर घ्यावेत. मान, मनगट आणि कंबर तिघंही आभार मानतील.

हेल्मेटचीही गोष्ट ऐका. 1991 साली पॅरिस-नीस शर्यतीत खेळाडूंनी हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन केलं होतं. गरम होतं, आमचं आम्ही बघू, असा त्यांचा सूर होता. 1995 च्या टूरमध्ये पिरेनीजच्या उतारावर फाबियो कासार्तेल्ली पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तो गेला. तरीही सक्ती झाली नाही. 2003 मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये आंद्रे किविलेव पडला, त्याचंही डोकं उघडं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर सक्ती आली. जगातले सर्वांत कसलेले सायकलपटू, आणि त्यांनाही हे कळायला दोन मृत्यू लागले. तुमच्या बजेटमधून पहिले पैसे हेल्मेट आणि मागच्या लाल दिव्याला द्या. उरलेल्यात सायकल.

आता ज्या पेशंटमुळे हा लेख लिहायला बसलो, त्यांच्याकडे वळतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 54, बँकेत अधिकारी, टूरचे निस्सीम भक्त. गुडघ्यासाठी आले होते. सीट खाली होती, पाच मिनिटांत काम झालं. जाता जाता म्हणाले, "बाकी फिटनेस मस्त आहे. बोपदेव घाटात दुसऱ्या वळणाला छातीत थोडं आवळल्यासारखं होतं, पण थांबलो की दोन मिनिटांत जातं. चार महिने झाले. सवय होईल." मी त्यांना परत बसवलं. त्यांनी मनगट पुढे केलं : "हे बघा ना, घड्याळ म्हणतंय माझं फिटनेस वय 41."

ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. त्यांचा चेहरा खुलला, माझा नाही. कारण आरामात काढलेला ईसीजी नॉर्मल असणं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरावीक श्रमाला छाती आवळणं आणि थांबल्यावर मोकळं वाटणं, हे अंजायनाचं पुस्तकी वर्णन आहे. हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, अँजिओग्राफीत मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट बसला.

घड्याळाची यात चूक नाही. ते नाडी मोजतं, झोपेचा अंदाज बांधतं, आणि गणित करून एक आकडा देतं. ते रक्तवाहिनीच्या आत बघत नाही. चूक आपली होते, ती आकड्याला लक्षणापेक्षा मोठं मानल्यामुळे. टीव्हीवर आपण बघतो, की खेळाडू वेदनेने चेहरा वेडावाकडा करून चढतो आणि समालोचक त्याचं कौतुक करतात. त्यातून मनावर ठसतं, की दुखणं सोसणं म्हणजेच सायकलिंग. मांडी पेटते ते सोसण्यासारखं आहे. छाती आवळणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, हे नाही. आणि बसल्याजागी असं झालं तर लेख वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

2022 च्या मार्चमध्ये सोन्नी कोल्ब्रेल्ली नावाचा इटालियन खेळाडू कातालोनियाच्या शर्यतीत टप्प्याची शेवटची रेषा ओलांडून काही क्षणांत कोसळला. हृदय थांबलं होतं. आदल्याच वर्षी तो युरोपचा विजेता होता. जागेवरच छाती दाबून, शॉक देऊन त्याला वाचवलं. पुढे छातीत डिफिब्रिलेटर बसवला आणि त्याची कारकीर्द संपली. त्याच्यासाठी वैद्यकीय पथक तिथे हजर होतं. बोपदेवच्या दुसऱ्या वळणाला सकाळी सहा वाजता कोण हजर असतं?

याच कारणाने एक सवय मला फार खटकते, ती म्हणजे मोठ्या राईडच्या आधी "सेफ्टी म्हणून" पेनकिलर घेणं. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीला इजा करू शकतात. 1967 च्या टूरमध्ये टॉम सिम्पसन मों व्हाँतूच्या चढावर भर उन्हात मेला, तेव्हा त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडलं होतं. थकव्याची घंटा बंद केली म्हणून थकवा जात नाही. ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक या संघटनेने शर्यतीत 2019 पासून बंद केलं, ते उगाच नव्हे.

आमचे बँकवाले गृहस्थ आता तज्ज्ञांच्या परवानगीने पुन्हा सायकल चालवतात. परवा तक्रार घेऊन आले : "घड्याळ बिघडलं. कितीही दामटलं तरी नाडी 120 च्या वर जातच नाही." घड्याळ ठीक आहे. त्यांना चालू असलेली बीटा ब्लॉकर गोळी नाडी वाढू देत नाही, म्हणून 220 वजा वय हे गणित त्यांना आता लागू पडत नाही (तसंही ते गणित कित्येकांच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी चुकतं). त्यांच्यासाठी जुनी पद्धत : सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याही चालू आहेत, त्यामुळे हेल्मेट दुप्पट महत्त्वाचं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : खिशात साखर हवी, आणि लांबच्या राईडच्या दिवशीचा डोस किती, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

जाताना ते दारात थांबले. नवीन कार्बनची चाकं घ्यावीत का, असं विचारत होते. त्यांना म्हटलं, आधी तीन महिने बोपदेवला न जाता खडकवासल्यापर्यंत सपाटीवर चालवा, सोबत कुणाला तरी घ्या, मग चाकांचं बघू. "सोबत बायकोला घेऊ?" म्हणाले. तिची सायकल कुठली, हे विचारल्यावर कळलं, की तिच्यासाठी घेतलेलीच नाही.