रक्त म्हणजे टॉनिक नव्हे!

"डॉक्टरसाहेब, फार अशक्तपणा आलाय, एक बाटली रक्त चढवून टाका!" अशी मागणी माझ्याकडे वरचेवर होते. (रक्त आता पिशवीत येते, तोंडातली बाटली काही गेली नाही.) ही मागणी मला चुकीची वाटते.

शाळेच्या पुस्तकात रक्ताला 'संयोजी ऊती' म्हटले आहे. हाड, कूर्चा हेही याच कुळातले. या कुळातल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, त्यांच्यामध्ये दुसरा पदार्थ भरलेला असतो. हाडात तो कडक, कूर्चेत लवचिक आणि रक्तात पातळ. या पातळ रक्तद्रवात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तरंगतात. त्या तयार होतात हाडांमधल्याच मज्जेत!

तेव्हा रक्त चढवणे म्हणजे दुसऱ्याची जिवंत ऊती आपल्या अंगात घालणे. मूत्रपिंड बसवायचे तर घरदार विचार करते, रक्ताला मात्र सलाईनच्या पंगतीला बसवतात. शरीर परके रक्त ओळखते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट दाखवून दिले. पुढे १९५२ मध्ये डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत 'बॉम्बे' गट नोंदवला. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण या माणसांना 'ओ' रक्तही चालत नाही. शिवाय कितीही तपासणी केली तरी जंतुसंसर्गाचा थोडा धोका उरतोच.

आणि एवढे करून मिळते काय? एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम एक ग्रॅमने वाढते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली बाई, अपघातातला जखमी, थॅलेसेमियाचे मूल यांना रक्ताला पर्याय नाही. खूपच कमी हिमोग्लोबिन आणि धाप असेल तरीही डॉक्टर रक्त देतील. पण केवळ नातेवाइकांच्या समाधानासाठी कोणी ते देत असेल, तर ते मला मुळीच पटत नाही.

वाचकहो, आधी रक्त का कमी झाले ते शोधा. जंत, मूळव्याध, पाळीत जास्त जाणारे रक्त ही नेहमीची कारणे. लोहाच्या गोळ्यांनी महिन्याभरात फरक दिसतो. पण शरीरातला साठा भरायला त्या पुढेही दोन-तीन महिने घ्याव्या लागतात. त्यांनी शौचाला काळे होते, त्याला घाबरून अनेकजणी चार दिवसांत गोळ्या बंद करतात. बंद करू नका. गोळीबरोबर लिंबूपाणी चालेल. चहा मात्र तासा-दोन तासांनीच घ्या.