ओळख कुणी ठेवायची?

मंडळी, आमच्या आगरदांड्यात बसून एखादा लांबलचक ऑनलाईन फॉर्म भरून पाहा. चार पानं बिनबोभाट होतात आणि पाचव्यावर येतं, 'सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा'. पहिले पाढे पंचावन्न! घरचे नेटवर्कला शिव्या देतात. बऱ्याचदा दोष त्याचाच असतो, पण दरवेळी नाही.

मोठ्या साईटमागे एक नाही, अनेक सर्व्हर असतात. पुढे बसलेला लोड बॅलन्सर येणाऱ्यांना पाळीपाळीने वाटतो, नाहीतर ज्याच्याकडे कमी जोडण्या त्याच्याकडे पाठवतो. गोची अशी की, तुमची चार पानं पहिल्या सर्व्हरच्या मेमरीत. पाचव्या पानाला तिसऱ्याकडे गेलात की तो म्हणणार, आपण कोण? म्हणून तुम्हाला एकाच सर्व्हरला चिकटवून ठेवतात. हे 'स्टिकी सेशन'.

चिकटवायचं कशावरून? आयपी पत्त्याचा भरवसा नाही. मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे कितीतरी गिऱ्हाइकं ठेवतात, ती सगळी एकाच सर्व्हरवर लोटली जातात. शिवाय वाय-फाय सोडून मोबाईल डेटावर आलात की पत्ताच बदलतो. कुकी त्यामानाने बरी, पण सर्व्हरच बंद पडला तर कुकी तरी काय करणार?

माझं मत विचाराल तर ही मलमपट्टी आहे. ओळख एकाच सर्व्हरकडे नको, सगळ्यांना दिसेल अशा सामाईक जागी हवी. रेशनकार्डाचंच घ्या. पूर्वी नेमून दिलेलं दुकान बंद, तर धान्य नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या जोड्यांपासून 'एक देश एक रेशनकार्ड' सुरू झालं, २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचलं. नोंद सामाईक झाली आणि माणूस दुकानातून सुटला.

साधनंही नवी नाहीत. मेमकॅश्ड २००३ साली लाईव्हजर्नल या ब्लॉगांच्याच साईटसाठी लिहिलं गेलं, रेडिस २००९ पासून आहे. सामाईक जागाच बंद पडली तर सगळंच ठप्प, हे खरं. म्हणून तिची दुसरी प्रत ठेवावी लागते, खर्च वाढतो.

तो करावा. कारण इथे फॉर्म अडला की मुरूडला हेलपाटा, आणि एक रोज बुडतो. तो खर्च कुठल्याच टेंडरमध्ये दिसत नाही.

असो. आमच्या आयटीवाल्या भाचेमंडळींनो, तुमचं काय म्हणणं?