एम.कॉम.च्या वर्गात उसाच्या दराचा प्रश्न

वाणिज्य शाखेची पदवी हाती आल्यानंतर जे विद्यार्थी एम.कॉम.च्या वर्गात नाव नोंदवितात, त्यांना त्यामागील हेतू विचारला असता बहुधा जे उत्तर मिळते, ते ऐकून हिशेबशास्त्राविषयी आस्था बाळगणाऱ्या कोणाही माणसाला खेद झाल्यावाचून राहत नाही. ‘सीए चालू आहे, बाजूला एम.कॉम. करून ठेवतो,’ असे कोणी म्हणतो; ‘बँकेच्या परीक्षा देतो आहे, तोवर वर्ष वाया जायला नको,’ असे दुसरा सांगतो; आणि पदव्युत्तर पदवीसारखी दोन वर्षांच्या विद्याभ्यासाची गोष्ट अशी अडगळीच्या वेळात उरकण्याची बाब होऊन बसली आहे, याचे वैषम्य ना विद्यार्थ्याला वाटते, ना पालकाला, ना, सांगावयास संकोच वाटतो, पण अनेकदा विद्यापीठालाही.

यात विद्यार्थ्याचा दोष मी मानीत नाही. 1949 साली सनदी लेखापालांचा कायदा होऊन त्यांची संस्था त्या वर्षीच्या 1 जुलैला अस्तित्वात आली, तेव्हापासून व्यवसायाची सनद देण्याचा अधिकार तिच्या हाती आहे, आणि उपजीविकेचा मार्ग जिथून जातो तिकडे तरुणाने वळावे हे स्वाभाविकच होय. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 च्या मार्च महिन्यात सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल आणि कंपनी सचिव यांची अर्हता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली. त्या व्यावसायिकांना संशोधनाचा दरवाजा उघडला गेला, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्या निर्णयाने विद्यापीठांपुढे जो प्रश्न उभा केला, त्याला उत्तर देण्याची तसदी मात्र विद्यापीठांनी अद्याप घेतलेली नाही. आर्टिकलशिप करणारा मुलगा प्रत्यक्ष पेढ्यांची व कारखान्यांची दफ्तरे चाळून जे शिकतो, तेच जर एम.कॉम.चा विद्यार्थी चार सत्रांत, कल्पित कंपन्यांची कल्पित उदाहरणे सोडवीत, पातळ करून शिकणार असेल, तर ही पदवी स्वतंत्रपणे देण्याचे प्रयोजन काय?

माझ्या मते प्रयोजन आहे, आणि ते मोठे आहे. व्यवसायाची सनद घेणाऱ्याने नियमाचा अंमल बिनचूक करावयाचा असतो; तो नियम असाच का आहे, कोणत्या तत्त्वावर उभा आहे, आणि त्याचा भार अखेरीस कोणाच्या खांद्यावर पडतो, हे तपासण्याची सवड व स्वातंत्र्य विद्यापीठाला असते. भाडेपट्ट्याच्या हिशेबाचेच पाहा. 1 एप्रिल 2019 पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या नव्या लेखामानकाने, आजवर केवळ वार्षिक भाड्याच्या रूपाने खर्चात दिसणारे दीर्घ मुदतीचे करार ताळेबंदावर मालमत्ता आणि देणे अशा दोन्ही अंगांनी दाखविणे बंधनकारक केले. त्या मानकाप्रमाणे नोंदी कशा कराव्यात हे लेखापालाला आलेच पाहिजे. पण काल ज्या कंपनीवर देणे नव्हते तिच्यावर ते आज, एक पैसाही नव्याने उसना न घेता, कसे दिसू लागले, आणि या दोन चित्रांपैकी खरे कोणते, हा विचार करणारा माणूस तयार करणे हे विद्यापीठाचे कार्य आहे.

याहून जवळचे आणि कितीतरी अधिक गंभीर उदाहरण आपल्या राज्यातच आहे. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भांडवलातून सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या काळापासून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अशी एक संस्था नांदते आहे की जिच्यात कच्चा माल पुरविणारा आणि संस्थेचा मालक हा एकच शेतकरी असतो. कायद्याने ठरलेली किमान किंमत कारखाना त्याला देतो, आणि हंगाम संपल्यावर, गाळप व विक्री यांचा हिशेब पाहून, त्याहून काही अधिक रक्कम देतो. आता ही अधिक रक्कम हिशेबात कोणत्या सदरी घालावयाची? ती उसाच्या खरेदीचा खर्च मानली, तर कारखान्याला तेवढा नफाच उरत नाही आणि प्राप्तिकराचा प्रश्न मिटतो. ती सभासदांना केलेली नफ्याची वाटणी मानली, तर आधी नफा धरून त्यावर कर भरावा लागतो आणि मगच वाटणी करता येते. हंगाम तोच, रक्कम तीच, ती घेणारा शेतकरीही तोच. फरक एवढाच की खतावणीत ती कोणत्या खात्यावर चढते. एवढ्या एका वर्गीकरणावरून प्राप्तिकर खात्याने कारखान्यांना वर्षानुवर्षे नोटिसा धाडल्या, मागण्यांचे डोंगर साठले, अपिलांमागून अपिले झाली, आणि 2019 साली तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की त्या अधिक रकमेत नफ्याचा जो अंश असेल तेवढा वाटणीत गणावा, बाकीचा खर्चात, आणि हा अंश कारखान्याचे हिशेब पाहून कर अधिकाऱ्याने ठरवावा. त्याआधीच कायद्यात दुरुस्ती होऊन 2016-17 या आकारणी वर्षापासून सरकारने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापुरती वजावट मिळू लागली होती; मागील वर्षांचे ओझे 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने उतरविले, आणि त्यातून सहकारी साखर कारखान्यांना सुमारे 10,000 कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे तेव्हा सांगण्यात आले.

या संपूर्ण वादात वकील बोलले, अधिकारी बोलले, राजकारणी तर अहोरात्र बोलले; पण वस्तुतः हा प्रश्न हिशेबशास्त्राचा होता. पुरवठादार आणि मालक जिथे अभिन्न आहेत, तिथे नफा म्हणजे नेमके काय, त्याची व्याख्या खासगी कंपनीच्या मापाने करणे न्याय्य आहे काय, आणि न्यायालयाने सांगितलेला तो ‘अंश’ कोणत्या पद्धतीने वेगळा काढावा, याचे विवेचन करण्यास कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील वाणिज्य महाविद्यालयांहून योग्य जागा पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल. तीच गोष्ट उसाच्या बिलातून कापल्या जाणाऱ्या बिनपरतीच्या ठेवींची. ठेव म्हटली की ती देणे होय. परत करावयाची नाही म्हटले की ती भांडवलाच्या जातीची होते. आणि ती कोणत्या बाजूला मोजली यावर कारखान्याचे नक्त मूल्य, आणि म्हणून त्याची कर्ज घेण्याची ऐपत, अवलंबून राहते. माझे स्पष्ट मत आहे की एम.कॉम.च्या प्रगत लेखाशास्त्रात एक संपूर्ण सत्र अशा प्रश्नांना दिले पाहिजे.

हिशेबाच्या कागदांना असे प्रश्न विचारणे आपल्याकडे नवे नाही. सिडनॅम महाविद्यालय 1913 साली मुंबईत स्थापन झाले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 ते 1920 या काळात तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्या विद्वानाने आपल्या प्रबंधांसाठी विषय कोणते निवडले, हे मात्र वाणिज्याचे विद्यार्थी क्वचितच ध्यानात घेतात. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची वाढ हे ते विषय होत. म्हणजे सरकारी जमाखर्चाच्या रुक्ष वाटणाऱ्या कागदांतून सत्ता आणि दायित्व यांचा शोध त्यांनी घेतला. त्याहून मागे जावयाचे तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या रोजकीर्दी आणि परगण्यांचे हिशेब बांधून ठेवलेले आहेत. कमाविसदाराने आगाऊ भरलेली रसद, तिच्यावरील व्याज, त्याच्या खर्चाला मिळालेली मंजुरी आणि नामंजुरी यांतून मराठी राज्याची लेखापद्धती कोणी उलगडून दाखवील तर इतिहासकारांवर त्याचे उपकार होतील. मोडी जाणणारा वाणिज्य पदवीधर दुर्मिळ आहे, हे खरे. पण दोन वर्षांत मोडी शिकणे काही अशक्य नाही.

ज्यांना हा सारा आग्रह पंडिती वाटतो, त्यांनी 2019 च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या दारात उभ्या राहिलेल्या ठेवीदारांचे चेहरे आठवावेत. एका बांधकाम समूहाला दिलेली थकीत कर्जे 21 हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड दडविली गेली होती, आणि रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले त्या दिवशी आयुष्यभराची पुंजी ठेवलेल्या वृद्धाला प्रथम केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा मिळाली. त्या बँकेचा ताळेबंद दरवर्षी जुळत होता, आणि त्याचे लेखापरीक्षणही होत होते. बेरजा जुळणे म्हणजे हिशेब खरा असणे नव्हे, ही जाणीव ज्या शिक्षणाने होत नाही, त्या शिक्षणाला पदव्युत्तर हे विशेषण लावणे मला अयोग्य वाटते.

सुदैवाने आज संधी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून आपल्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन प्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक देण्यात आले आहेत. परंतु मोबाइलवरून पैसे देण्याविषयी परिचितांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, तिच्यावर काढलेले रंगीत तक्ते आणि झेरॉक्सच्या दुकानात बांधून घेतलेले पुठ्ठे, एवढ्यावरच जर ते श्रेयांक खर्ची पडणार असतील, तर धोरण बदलून काहीच बदलणार नाही. तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या अध्यापकाकडून याहून अधिक मार्गदर्शनाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, म्हणून पूर्णवेळ पदे भरण्याला पर्याय नाही, हेही इथेच नमूद करतो.

मग प्रकल्प कशाचा करावा? ग्रामीण विद्यार्थ्याच्या घरात कारखान्याचा, पतसंस्थेचा किंवा जिल्हा बँकेचा वार्षिक अहवाल बहुधा असतोच, कारण वडील वा आजोबा सभासद असतात आणि सर्वसाधारण सभेपूर्वी तो त्यांच्याकडे येतो. तो मराठीत असतो, आणि घरातले कोणी तो वाचीत नाही. विद्यार्थ्याने एकाच संस्थेचे दहा वर्षांचे अहवाल जमवावेत. साठ्याचे मूल्यांकन, घसारा, अनुत्पादक कर्जांसाठी केलेली तरतूद, लेखापरीक्षकाचे शेरे आणि त्यांवरील दोषदुरुस्ती, यांचा वर्षागणिक माग काढावा. आणि प्रबंध मराठीतच लिहावा, म्हणजे तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचता येईल. त्याच्या तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षकाबरोबर त्या संस्थेच्या एखाद्या सामान्य सभासदालाही निमंत्रण द्यावे, आणि आपली ठेव कुठे गुंतली आहे व ती कितपत सुरक्षित आहे, हे त्याला समजेल अशा भाषेत विद्यार्थ्याने सांगावे. त्यासाठी शासनाचा हुकूम लागत नाही आणि निधीही लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने एका बैठकीत ठराव केला तरी येत्या जूनपासून हे सुरू होऊ शकते.