नुसती शिट्टी?

आजचं लिखाण नात्यातल्या काहींना टोचेल, पण टोचू दे.

"संघात नाही घेतलं हो तिला. नुसती शिट्टी दिली हातात!" ऑकलंडहून भाचीचा हा सूर. तिची चौदा वर्षांची लेक लहान मुलींच्या नेटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभी राहते, तर व्हॉट्सॲपवरच्या समस्त मावश्या अशा हळहळल्या की जणू पोर नापासच झाली. मला हे मुळीच पटत नाही.

आपल्याकडे हा खेळ फारसा माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. ७ जणींचा संघ, १५ मिनिटांचे चार भाग. बास्केटबॉलसारखं उंच कडं, पण मागे फळी नाही. चेंडू आपटत पळायचं नाही, हातात आला की ३ सेकंदांत टाकायचा. अडवणारीने ३ फूट लांब राहायचं. शिवाय प्रत्येकीला मैदानाचा ठरावीक भागच मोकळा. आता हे सगळं बघणार कोण? मैदानाच्या कडेने धावणाऱ्या दोघी पंच, अर्धं-अर्धं मैदान वाटून घेऊन. पाय सरकला का, ३ सेकंद झाले का, कोण हद्दीबाहेर गेली... निर्णय त्या क्षणी द्यायचा आणि मग त्यावर ठाम राहायचं. एवढं लक्ष मला व्याकरणाच्या तासाला कधी मिळालं नाही बाई! (गणितवाल्यांना मिळत असेल तर त्यांनी सांगावं.)

बरं, पंचालाही दम लागतोच. म्हणून व्यायाम फक्त निवडलेल्या सातजणींचा, ही पद्धत मला चुकीची वाटते. पळता पळता चेंडू झेलून एकदम थांबायचं, यात गुडघ्याचे सांधेबंध तुटतात. न्यूझीलंडमध्ये त्यासाठी 'नेटबॉलस्मार्ट' नावाचा कार्यक्रमच आहे. उडीवरून गुडघे वाकवून हलकेच उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, झटकन दिशा बदलणं. हे कुठल्या मुलीला नको आहे? जी संघात नाही, तिला तर जास्त हवं.

आणि पालकांनो, खरा राग तुमच्यावर आहे. रेषेबाहेर उभं राहून चौदा वर्षांच्या पोरीवर ओरडता, "दिसत नाही का गं तुला?" असे दोन शनिवार गेले की ती शिट्टी परत करते. मग 'पंच मिळत नाहीत' म्हणून तक्रार करायलाही तुम्हीच पुढे! शाळेनेही तिला एकटीला मैदानावर सोडून चालणार नाही. शेजारी जाणती व्यक्ती हवी, आणि आरडाओरडा करणाऱ्याला बाहेर काढायची हिंमतही हवी.

आपल्या महाराष्ट्रात वेगळं काय आहे म्हणा. दहावीला वाढीव क्रीडागुण मिळतात ते स्पर्धा खेळणाऱ्यांना. पन्नासच्या वर्गातल्या उरलेल्या चाळीसजणींनी टाळ्या वाजवायच्या. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा नेटबॉल संघ उतरला होता, तेव्हा खेळ परका म्हणून सोडून द्यायचंही कारण नाही. नसेल नेटबॉल तर खो-खो घ्या, कबड्डी घ्या. आठवीच्या मुलींना नियम शिकवून पाचवीच्या सामन्यांना पंच म्हणून उभं करा. खर्च काय, तर दोन शिट्ट्या आणि चुन्याची फक्की.

पण त्याला पी.टी.चा तास लागतो. वेळापत्रकात तो असतो हो, फक्त सहामाही जवळ आली की कुणीतरी 'पोर्शन राहिलाय' म्हणून मागून नेतं. तो तेवढा परत करा.