विश्लेषण : टर्नटेबल आणले, पण सुई कोणती? कार्ट्रिज निवडताना काय पाहावे?

अमेरिकेत २०२२मध्ये सीडींपेक्षा विनाइल तबकड्या जास्त विकल्या गेल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडे मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्या शोधणारे आहेतच. शिवाय अनेक मराठी घरांत नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएम तबकड्या माळ्यावर पडून आहेत. नवे टर्नटेबल आणून त्या थेट लावण्याचा मोह होतो. मात्र चुकीची किंवा झिजलेली सुई तबकडीची खाच कायमची बिघडवते, आणि जुनी तबकडी दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही.

कार्ट्रिज म्हणजे नेमके काय?

टोनआर्मच्या टोकाला बसणारा हा छोटा भाग सुईच्या थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) प्रकारात चुंबक हलते, मूव्हिंग कॉइलमध्ये (एमसी) तारेचे वेटोळे. एमएमचा संकेत साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो, तर बहुतेक एमसींचा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी. त्यामुळे एमसीला वेगळा, महागडा फोनो प्रीअॅम्प लागतो. शिवाय एमएमची सुई घरीच बदलता येते. एमसीची झिजली की बहुतेकदा कार्ट्रिजच कारखान्यात पाठवावे लागते. पहिल्या खरेदीत एमसीच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. ते सुईवर जास्त भार टाकते आणि त्या जागी एमएम सहसा बसतही नाही. अशा प्लेअरसाठी महागडे कार्ट्रिज शोधण्यात वेळ घालवू नये.

७८च्या तबकड्यांचे काय?

खरी गोम इथे आहे. एलपीच्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन असते, ७८साठी मात्र ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत थेट तळाला जाते. तिथे वर्षानुवर्षांची धूळ साठलेली असते, म्हणून गाण्याआधी खरखरच ऐकू येते. उलट ७८ची जाड सुई एलपीच्या खाचेत मावत नाही आणि तबकडी खरवडते. (चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावण्याचा प्रयोग तर चुकूनही नको.) ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजला एलपीची किंवा ७८ची सुई लावता येते. दोन्ही प्रकारच्या तबकड्या असलेल्या घरासाठी हा सोयीचा मार्ग. अर्थात टर्नटेबलला ७८चा वेग आहे का, हे आधी पाहावे; अनेक नव्या टर्नटेबलवर केवळ ३३ आणि ४५ असतात.

घेताना आणि बसवताना...

टोनआर्मवर अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन स्क्रू असतील, तर बाजारातील बहुतेक कार्ट्रिजे त्यावर बसतात. सुईवरचा भार कंपनीने सांगितला तितकाच ठेवावा. ऑर्टोफोन २एम रेडसाठी तो १.८ ग्रॅम आहे. भार कमी ठेवला की तबकडी वाचते, हा समज चुकीचा. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना इजा करते. यासाठी छोटा डिजिटल काटा घ्यावा.

जुने कार्ट्रिज स्वस्तात मिळत असेल तर सुई नवीनच घ्यावी. ऑडिओ-टेक्निका गोल सुईचे आयुष्य सुमारे ५०० तास, तर लंबगोल सुईचे ३०० तास सांगते. रोज तासभर ऐकणाऱ्याची लंबगोल सुई वर्षाच्या आतच बदलावी लागेल, तेव्हा तो खर्च पहिल्या हिशेबातच धरावा.